मधाची रेघ

"म्हाळू, दार उघड."

"नाही उघडणार, बाई. तुमच्यात लोखंड आहे."

सकाळपासून हेच चाललेलं. केळुसकरबाई दाराबाहेर, शिपाई आत.

आता या म्हाळूचं सांगते. आमच्या तालुक्याच्या कॉलेजातला हा शिपाई. भोळा इतका, की 'जरा थांब' म्हटलं तर संध्याकाळपर्यंत थांबायचा. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या केळुसकरबाईंच्या प्रयोगाच्या खोलीत भलंमोठं चुंबकाचं यंत्र. त्यात मध ठेवला की पडद्यावर रेघा उमटतात आणि मधात साखरेचा पाक आहे का, ते कळतं. डोंगरातल्या बायकांचा मध व्यापाऱ्यानं भेसळीचा ठरवून परत धाडलेला. आज दुपारी यंत्र दुसऱ्यांच्या ताब्यात जाणार. तोवर मोजणी झाली नाही, तर बायकांच्या माथ्यावरचा डाग तसाच राहणार.

बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, जवळपास लोखंड आलं की चुंबकाचा जोर बिघडतो आणि सुईसारखी रेघ पुरीसारखी फुगते. लोखंड दिसेल ते बाहेर काढ. म्हाळूनं बाईंची खुर्ची काढली. बाई न बघता बसल्या.

उठल्यावर म्हणाल्या, काढायच्या आधी विचारत जा. दुसऱ्या दिवशी भिंतीला खेटून कुणाची तरी स्कूटर. रेघ फुगलेली. म्हाळूनं स्कूटरला विचारलं, काढू का? ती काही बोलली नाही. मग यानंही काढली नाही.

बाई भडकल्या. वस्तूला काय विचारतोस, माणसाला विचार. ज्याच्याजवळ लोखंड असेल त्याला आत सोडू नकोस, मग ते प्राचार्य असोत नाहीतर मी.

आज सकाळी बाई दारात उभ्या राहून गोळी गिळत होत्या. म्हाळूनं विचारलं, कसली? बाई बोलून गेल्या, लोखंडाची, रक्तात कमी पडलंय. झालं. हा आत गेला आणि कडी लावली.

शेवटी थकून बाई म्हणाल्या, अरे, रक्तात लोखंड सगळ्यांच्याच असतं, तुझ्याही.

म्हाळू घाबरला. कडी काढून उडी मारतच बाहेर आला आणि दार ओढून घेतलं. ते दार ओढलं की आपलं आपण कुलूप लागतं. बाईंनी किल्ली मागितली. किल्ली लोखंडाची, ती यानं सकाळीच भंगारवाल्याला देऊन टाकलेली.

"आता आत कुणाचंच लोखंड नाही, बाई," म्हाळू समाधानानं म्हणाला. "बघा रेघ कशी बारीक येते."

बाई दाराला टेकून खाली बसल्या.

"बरं म्हाळू, आता दाराच्या फटीतून त्या मधालाच सांग, बाबा, तुझं तूच मोजून घे."