नावेत आठच माणसे

नदीकाठच्या एका लहानशा राज्यात एकदा एक नाव उलटली. बाजारचा दिवस होता, तिच्यात वीस माणसे चढली होती, तिघे बुडाले. राजा फार व्यथित झाला. असे पुन्हा घडू नये यासाठी नियम करा, असे त्याने आपल्या वृद्ध अमात्यांना सांगितले. अमात्यांनी ते काम आपल्या एका शिष्याकडे सोपवले.

शिष्य बुद्धिमान होता आणि मनाने कळवळ्याचाही होता. दुसऱ्याच दिवशी त्याने नियम लिहून आणला. ‘नावेत एका वेळी आठांपेक्षा अधिक माणसे घेऊ नयेत.’ अक्षर सुरेख, वाक्य एकच.

अमात्यांनी ते दोनदा वाचले.

“नावाड्याला विचारलंस?”

“त्याला काय विचारायचं, गुरुजी? त्यानेच तर वीस माणसं भरली होती.”

“बरं. येत्या बाजारी एकच दिवस हा नियम चालवून पाहू. तू धक्क्यावर उभा राहा आणि माणसं मोज.”

मग अमात्यांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. पट्टीचे चार पोहणारे बोलावले, त्यांच्याकडे दोरखंड दिले आणि त्यांना धक्क्यापासून बरेच खाली, उतारापाशी बसवले. तिथे नदीचे पात्र रुंद होते. उन्हाळ्यात लोक तिथून चालत पार होत. आता भाद्रपद होता, पाण्याला जोराची ओढ होती आणि तिकडे कुणी फिरकत नसे.

“नाव तर इथून सुटते,” शिष्य म्हणाला. “तिथे कोण बुडणार आहे?”

“मलाही ठाऊक नाही. पण बसू देत.”

बाजार नगरात भरे आणि गावे पलीकडच्या तीरावर होती. सकाळी लोक आपापल्या सवडीने येत राहिले. आठ-आठ जण सुखरूप उतरत होते. शिष्याला समाधान वाटले.

दुपार कलल्यावर मात्र सगळ्यांना एकदमच परतायचे होते. रांग लांबली. धाकू नावाडी वल्ह्यावर हात ठेवून म्हणाला, “कारभारी, आठ कसे मोजायचे ते तरी सांगा. या आठ मुली, हात रिकामे. अन् हे आठ गडी, एकेकाच्या डोक्यावर ज्वारीचं पोतं. नावेला दोन्ही सारखेच का?”

“नियमात माणसे लिहिली आहेत.”

“मग नावेला वाचायला शिकवा!”

रांगेत हशा पिकला. शिष्याने मान खाली घालून आठ मोजले आणि पोती घेतलेले आठ गडी नावेत बसवले. नाव पाण्यात पार कडेपर्यंत दबली. कशीबशी पलीकडे पोहोचली.

सूर्य टेकला तेव्हा चाळीस माणसे अजून धक्क्यावरच होती. धाकूने नाव खुंटीला बांधली.

“हे काय?”

“दिवस मावळल्यावर नाव सोडायची नाही. तुमच्याच दरबाराचा जुना नियम आहे, कारभारी. विसरलात होय?”

शिष्य खरोखरच विसरला होता. रांगेतून पलीकडच्या गावची सारजाबाई पुढे आली. “दोन महिन्यांचं लेकरू सासूपाशी ठेवून आलेय. दुपारी परतणार होते, तेव्हापासून रांगेतच आहे; सकाळपासून त्याच्या पोटात काही नाही. त्याला पाजायला तुमचा नियम जाणार का?”

“सकाळी पहिली नाव तुम्हालाच देईन, बाई.”

तिने पदर खोचला आणि नदीच्या काठाने खाली चालू लागली. तिच्यामागे आणखी चौघे निघाले. धर्मशाळेत जात असतील, असे शिष्याला वाटले. थोड्याच वेळात उतारावरून आरडाओरडा ऐकू आला.

तो धावत पोहोचला तेव्हा पाचही जण धारेत सापडले होते. दोर फेकले गेले, पोहणाऱ्यांनी उड्या घेतल्या. एकेकाला पलीकडच्या काठाला ओढून काढले. सारजाबाईने नाकातोंडातले पाणी शिंकरले आणि तशीच ओलेती गावाच्या दिशेने धावत सुटली.

अमात्य अलीकडच्या काठावर उभे होते. शिष्य त्यांच्यापाशी गेला. “गुरुजी, तुम्हाला माहीत होतं, तर मला सांगितलं का नाही?”

“एवढंच माहीत होतं की जे नावेत बसणार नाहीत, त्यांनाही घरी जायचं असेल. कुठून जातील ते कळत नव्हतं, म्हणून नदीची जी जागा मला सर्वांत भयंकर वाटली, तिथे माणसं बसवली. चूक माझीही आहे. आधी चार घरी जाऊन विचारलं असतं, तर ही पाच माणसं पाण्यात पडलीच नसती.” त्यांनी धक्क्याकडे बोट दाखवले. “तू नावेत किती बसतील ते लिहिलंस. उरतील त्यांचं काय, ते लिहिलं नाहीस. नियमानं एक वाट बंद झाली की माणूस दुसरी धरतो. ती पहिलीहून वाईट आहे का, हे नियम होण्याआधी पाहायचं असतं. नंतर पाहिलं तर प्रेतं मोजावी लागतात.”

“म्हणजे नियम करूच नये?”

“अरे, तिघं बुडाले ते खोटं आहे का? नियम हवाच.”

धक्क्यावर उरलेल्यांची अमात्यांनी धर्मशाळेत सोय लावली. सकाळी शिष्य धाकूच्या नावेत जाऊन बसला. धाकूने पोती चढवून दाखवली, मग माणसे, मग दोन्ही. पाणी कुठवर चढले की नाव डळमळते, ते बोट लावून दाखवले. तिथे सुताराने बाहेरून एक आडवी खाच पाडली. मग शिष्य पलीकडे सारजाबाईच्या दारी गेला. ती आधी दार उघडेना. उघडले तेव्हा तिच्या खांद्यावर बाळ होते. “दुसरी नाव लावा,” ती म्हणाली, “अन् ती दुपारपासून लावा. दिवेलागणीला लावून आम्हाला काय उपयोग?”

नवा नियम लिहायला पंधरा दिवस लागले. पाणी खाचेच्या वर येऊ देऊ नये. बाजारच्या दिवशी दुपारपासून दुसरी नाव असावी. खाली शिष्याने आणखी एक ओळ जोडली होती. हा नियम पुढच्या भाद्रपदापर्यंतच चालेल. त्यानंतर नावाड्याला आणि पलीकडच्या बायकांना विचारून तो ठेवायचा की बदलायचा ते ठरवावे.

“का रे, खात्री नाही का तुला?” अमात्यांनी विचारले.

“नाही, गुरुजी,” शिष्य म्हणाला. “मागच्या वेळी होती.”

अमात्यांनी तो कागद राजाकडे पाठवून दिला.

घरातला असो की दरबारातला, कोणताही नियम लागू करण्यापूर्वी आपण एकदा रांगेच्या शेवटच्या माणसाजवळ जाऊन उभे राहावे, आणि त्याला घरी कसे जायचे आहे ते विचारावे.