म्हसू शेवटच्या बरोबर जागी जातो

एका गावात म्हसू नावाचा एक भोळा तरुण होता. गाव दिंडोरीकडचे की निफाडकडचे, हे मला आता शपथेवर सांगवत नाही. म्हसूबद्दल मात्र शंका नाही.

द्राक्षबागेतली हवामानाची पेटी त्याच्या ताब्यात होती. पानांवर ओल किती, हे ती तासातासाला आपल्या चिपमध्ये लिहून ठेवी. म्हसूचे लग्न वेणूशी ठरले होते. वेणूच्या मामांनी बजावले होते, की आणखी एक वेडेपणा झाला तर सोयरीक मोडली.

एकदा पेटी पुसायला म्हसूने वायर उपटली. नोंद अर्धीच राहिली. पेटीवाले केंकरे साहेब म्हणाले, "लिहिणे पुरे झाल्याशिवाय वीज तोडायची नाही."

दुसऱ्या दिवशी मामा ओटीवर लग्नपत्रिकांवर नावे लिहीत होते. डोक्यावरची वायर ठिणग्या टाकू लागली. वायरमन फ्यूज काढायला धावला. म्हसूने त्याचा हात धरला. "थांबा. मामांचे लिहून होऊ द्या."

मामांची टोपी जळाली.

साहेबांनी कपाळाला हात लावला. बिघाड ओळखायला शीक, म्हणाले. चिपचा एखादा कप्पा खराब निघाला, की पेटी त्यावर फुली मारते आणि पुन्हा तिथे काही ठेवत नाही.

म्हसू माफी मागायला गेला. मामा म्हणाले, जरा मोठ्याने बोल, डावा कान कामातून गेलाय. म्हसूने चुलीतला कोळसा आणला आणि कानावर फुली मारली.

मामा सोयरीक मोडायलाच उठले. पण वेणू पोट धरून हसत होती. म्हणाली, करीन तर ह्यालाच.

साहेबांनी शेवटचे सांगितले, "चूक सापडली तर पुढे रेटू नकोस. शेवटी जिथे सगळे बरोबर होते, तिथे परत जा आणि नव्याने सुरू कर."

लग्नात मंगलाष्टक म्हणताना गुरुजी मध्येच अडखळले. म्हसू अंतरपाटामागून निघाला. मांडव बरोबर होता का? सांगता येईना. नवरदेवाची मिरवणूक? तिचीही खात्री नाही. तो घरी गेला, बाशिंग उतरवले आणि घोंगडी डोक्यावरून घेऊन झोपला. त्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठेपर्यंत तरी सगळे बरोबर होते, एवढे त्याला पक्के ठाऊक होते.

मुहूर्त टळत चालला. मामा परत जायला बैलगाडी जुंपायला निघाले. वेणूने हार उचलला आणि तडक म्हसूचे घर गाठले.

"अहो, उठा. सकाळ झाली."

म्हसू उठला. मागून धापा टाकत आलेल्या गुरुजींनी तिथेच, अंथरुणापाशी, लग्न लावले.

पुढे बऱ्याच वर्षांनी गुरुजींना गाठून मी खात्री करून घेतली. मंगलाष्टक चुकले नव्हते. त्यांना शिंक आली होती.