कोरा संगणक आणि मोडका हापसा

यंत्रांना अजून वाचा होती त्या काळची गोष्ट. एका कचेरीत दोन संगणक तक्रारी घेत. जुन्याच्या डिस्कवर दहा वर्षांच्या तक्रारी साठलेल्या, त्यामुळे तो धापा टाकत चालायचा. नव्याला डिस्कच नव्हती. सकाळी सुरू झाला की त्याची सगळी यंत्रणा नव्याने मेमरीत उभी राहायची आणि संध्याकाळी बंद झाला की दिवसभराच्या कामासकट पुसली जायची.

"माझं मन बघ, कसं कोरं करकरीत!" तो जुन्याला टोमणा मारायचा. टोमणा रोज तोच, उत्साह मात्र रोज नवा.

दांडा तुटलेला हापसा रोज नव्याकडेच यायचा, कारण तो गोड बोलायचा.

"साहेब, गाव तहानलंय हो."

"नोंद घेतली हं. अगदी निश्चिंत राहा."

एके दिवशी कचेरी उघडताच तपासणी झाली. जुन्याकडे चार हजार तक्रारी पडून होत्या, नव्याकडे एकही नाही. जुना भंगारात गेला आणि नव्याच्या गळ्यात हार पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्याने समोरच्या हापशाला विचारलं, "हा हार कसला हो?"

"सगळ्या तक्रारी निकाली काढल्याबद्दल."

"अरे वा! बरं, बोला, आपली काय तक्रार आहे?"