ठकीचा झोका आणि टेकडीवरचं झाड

करवंदीच्या जाळ्यांपलीकडे, डोंगराच्या कुशीत एक इवलंसं गाव होतं. तिथे ठकी राहायची. ठकी धाकटी, म्हणून तिच्या नशिबी कायम रेवाताईचे जुने फ्रॉक. आई केरसुण्या बांधून विकायची, नव्या फ्रॉकला पैसे कुठले? ठकीची मात्र काही तक्रार नव्हती. रेवाताई तिची वेणी घालायची, तिला गोष्टी सांगायची. अशा ताईचा फ्रॉक कुणाला नको असेल?

पण एकदा ताईला ताप आला, आणि मेला उतरेचना! वैद्यबुवांनी मान हलवली. "सोनफळ मिळालं तर पोर वाचेल. पण ते झाड फळायला बारा वर्षं लागतात. एवढी सवड कुठली आता?"

ठकी रडत रडत रानातल्या बागेत गेली. तिथल्या तळ्यात एक निळंजांभळं फुलपाखरू बुडत होतं. ठकीनं डोळे पुसले, पानावर त्याला अलगद उचललं आणि फुंकर घालून पंख वाळवले. आणि काय सांगू! फुलपाखराची झाली परी! झगा चांदण्याचा, चपला मोरपिसांच्या, केसांत दवाचे मणी.

"माग ठकुली, काय हवं?"

"माझी ताई बरी कर."

परीचा चेहरा उतरला. "ताप उतरवणं माझ्या हातात नाही गं. पण वेळेचं मला थोडं कळतं. जो भरभर पळतो, त्याची वेळ हळू चालते. आणि पृथ्वीआई जवळ असली की ती वेळेचा पदर धरून ठेवते. उंचावर गेलं की वेळ सुटते धावत! एरवी हा फरक मुंगीच्या डोळ्याएवढाही नसतो. माझ्या बागेत तो मोठा होतो."

तिनं ठकीला एक रुपेरी झोका दिला आणि सोनफळाची बी दिली. "ताईला झोक्यावर निजव. बी बागेतल्या टेकडीच्या माथ्यावर लाव. पण झोका रोज तूच द्यायचास, एकही दिवस चुकवायचा नाही. पाणीही तूच घालायचंस. आणि वर गेलीस की तुझं वयसुद्धा धावेल हं. गेलेलं वय मला परत देता येत नाही. कबूल?"

"कबूल!" ठकीनं एवढासाही विचार केला नाही.

आईनं ताईला उचलून बागेत आणलं. झोका वाऱ्यासारखा पळू लागला आणि ताप जागच्या जागी थबकला. ताईनं सकाळी 'पा' म्हटलं की 'णी' यायचं संध्याकाळी! आणि ठकी? कळशी घेऊन टेकडीवरून उतरली की दर वेळी थोडी उंच झालेली! आई कपाळाला हात लावायची, "अगं, कालच उसवून मोठा केलेला फ्रॉक आज पुन्हा आखूड?"

जत्रा आली. मैत्रिणी ओरडल्या, "ठके, चल की, पाळण्यात बसू!" रेवड्यांच्या आठवणीनं तोंडाला पाणी सुटलं. ठकी वेशीपर्यंत गेलीसुद्धा. मग तिला ताईचा झोका आठवला आणि ती धूम पळत परत आली.

अखेर एका सकाळी माथ्यावर पिवळंधमक फळ लटकलं. ठकीनं रस काढला, आईनं झोका थांबवला आणि ताईला थेंब थेंब पाजला. ताप पळाला तो पळालाच! ताई डोळे चोळत उठली. "अगंबाई, तू कोण?"

"मी ठकी!"

दोघी पाठीला पाठ लावून उभ्या राहिल्या. उंची अगदी सारखी! आई हसता हसता रडायला लागली.

परी आली. "वय परत देता येत नाही, पण हे देता येतं," म्हणत तिनं दोन कोरे गुलबक्षी फ्रॉक पुढे केले. "झाड तुमचंच. गावात कुणाला ताप आला, तर फळ द्या." मग लख्ख उजेड पडला आणि त्या उजेडात परी दिसेनाशी झाली.

"आता तुला ताई म्हणू की नको?" ठकीनं विचारलं.

"नको म्हणून बघ! मग वेणी कोण घालणार तुझी?"

ठकी पटकन पाठमोरी बसली. केस केवढे लांब झाले होते! वेणी घालता घालता ताईला दुपार झाली.

गोष्ट गेली टेकडीवर, आपण बसू झोक्यावर!