हाकेचं तळं

आमच्या आटकेवाडीचा करवंदांचा जॅम पातळ असतो, ब्रेडवरून ओघळतो, अशी तक्रार बहुतेक पाहुणे करतात. करा खुशाल. पण आमच्या बायकांना जॅम करता येत नाही असं मात्र म्हणू नका. तो पातळ का, याचं उत्तर समोरच्या तळ्यात आहे. बसा, सांगतो.

फार जुनी गोष्ट. तेव्हा जॅम हा शब्द डोंगर चढून वर आलेला नव्हता. करवंदांचा गर गुळात आटवायचा आणि त्याला मुरंबा म्हणायचं. गावात सारजा नावाची बाई होती. नवरा वारलेला, पदरात एकच मुलगी, ठकी. एका वर्षी देवीची साथ आली आणि घरोघरची पोरं गेली. ठकीही अंथरुणाला खिळली. तेव्हा सारजेने गावदेवीच्या पायरीवर डोकं टेकलं आणि नवस बोलली, म्हणे, की पोर वाचली तर मुक्याने मुरंबा शिजवून तुला नैवेद्य दाखवीन. मुक्याने म्हणजे चूल पेटल्यापासून कढई उतरेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही की जागेवरून उठायचं नाही. यात चूक झाली, तर ज्याच्यासाठी नवस बोललो त्यालाच देवी परत नेते, अशी तेव्हाची समजूत.

ठकी वाचली. तोंडावर वण राहिले, पण वाचली. पुढे वैशाखात करवंदं पिकली, ती तिनेच काट्यांतून वेचून आणली. चूल पेटवण्याआधी सारजा तिला म्हणाली, "आता मी बोलायची न्हाय. तू भाईर खेळ. देवीचा निवद झाला का पयली वाटी तुला."

पोर घरामागच्या तळ्यावर गेली. आत गर रटरटत होता. थोड्या वेळाने हाक आली, "आये, कमाळ बग केवडं!" सारजा गालात हसली आणि ढवळत राहिली. पुन्हा हाक आली, "आये, ये की गं!" मुरंबा आता कढईच्या कडा सोडू लागला होता. मग आणखी एक हाक आली. ती नुसतीच "आये" अशी होती.

ही हाक वेगळी आहे हे सारजेला कळलंच नाही, असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही. आईला कळतं. पण उठलं तर पोर जाईल, या धाकाने ती बसून राहिली, आणि बसून राहिली म्हणूनच पोर गेली.

असं सांगतात, की त्या दिवशीसारखा मुरंबा गावात कधी झाला नव्हता. सुरीने कापावा असा घट्ट. लोकांनी ठकीला पाण्यातून काढल्यावर सारजेने ती कढई उचलून देवळात नेली आणि देवीसमोर ठेवली. "घे," म्हणाली, "म्या शब्द मोडला न्हाय." तो नैवेद्य तिथे पुढच्या वैशाखापर्यंत पडून होता, पण त्याला मुंगीसुद्धा लागली नाही, म्हणे. देवीलाही तो गिळवला नाही, असं आमची म्हातारी माणसं म्हणतात.

त्यानंतर सारजेने कढई चढवली नाही. पण गावात कुणाच्या घरी मुरंबा शिजायला लागला की ती जाऊन चुलीपाशी बसायची आणि ऐन आटणीला बाईचा हात धरायची. "उतरव," म्हणायची. "भाईर जाऊन बगून ये." तिचा शब्द मोडायची कुणाची छाती होती?

आजही आमच्याकडे मुक्याने काही शिजत नाही. जॅम घट्ट होऊ लागला की बाई कढई खाली उतरवते, मग तो पातळ राहिला तरी चालेल. तिचं पोर बाहेर असो, शाळेत असो, नाहीतर तिला पोरच नसो, ती हात पुसत मागच्या दारात येते, तळ्याकडे तोंड करते आणि मोठ्याने म्हणते, "आले गं, बाय."