चिटणिसाची दृढ आशा

एका मोठ्या नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं होती. अलीकडच्या राज्यात एक चिटणीस होता. दरबारातून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र त्याच्याच हातचं असायचं. अक्षर असं की वाचणारा आधी अक्षराचं कौतुक करी आणि मग मजकुराकडे वळे. राजा नुसता विषय सांगायचा. "पलीकडच्यांना पुलाबद्दल लिहा," एवढं म्हटलं की चिटणीस बोरू शाईत बुडवायचा आणि घटकाभरात पत्र तयार व्हायचं.

पुलाची हकीगत अशी होती. पूर्वी या नदीवर सागवानी लाकडाचा पूल होता. दोन्हीकडची माणसं त्यावरून बाजाराला जात, लग्नाची वऱ्हाडं जात, गुरं जात. पुलाच्या मधोमध पहाऱ्याची एक चौकी होती. ती चौकी कोणाची, यावरून एकदा दोन्हीकडच्या शिपायांची जुंपली. त्या मारामारीत कोणाच्या तरी हातची मशाल खाली पडली आणि पूल जळून गेला. मशाल कोणाची होती, ते काही ठरलं नाही. अलीकडचा राजा म्हणाला, "त्यांनी जाळला, तेच बांधतील." पलीकडचा राजाही अगदी हेच म्हणाला. दोघांनीही रागाच्या भरात नदी ओलांडायला बंदी केली. वर्षातून एकदा दरबारचा जासूद तराफ्यावर बसून पत्र घेऊन जायचा आणि उत्तर घेऊन यायचा, तेवढीच ये-जा उरली.

पहिल्या वर्षी चिटणिसाने पत्राच्या शेवटी लिहिलं, 'पुलाचे काम लवकरच हाती घेतले जाईल व त्यासाठी नदीकाठी आपली भेट घडेल, अशी आम्हांस आशा आहे.' पलीकडून उत्तर आलं, 'आम्हांसही तशीच आशा आहे.'

दुसऱ्या वर्षी त्याने तेच वाक्य उतरवून काढलं. तिसऱ्या वर्षी ते जरा फिकं वाटलं म्हणून 'दृढ आशा' केलं. सातव्या वर्षी 'नितांत दृढ आशा' झाली. पलीकडूनही तसंच उत्तर येत राहिलं. राजा पत्र न वाचता शिक्का मारायचा. नदीत जुन्या पुलाचे जळके खांब तसेच उभे होते आणि त्यांच्यावर बगळे बसायचे.

बाराव्या वर्षी पलीकडचा राजा वारला आणि त्याची मुलगी गादीवर आली. चिटणिसाने दुखवट्याचं पत्र लिहिलं. शेवटी सवयीने तीच ओळ घातली, फक्त 'आपल्या कारकिर्दीत' हे दोन शब्द वाढवले. राजा तेव्हा नवे घोडे पाहत होता. त्याने उभ्याउभ्याच शिक्का मारला.

या वेळी पलीकडून नेहमीचं उत्तर आलं नाही. महिना गेला. चैत्रातल्या एका सकाळी नदीकाठचा पहारेकरी धापा टाकत दरबारात आला.

"महाराज, पलीकडच्या काठावर राणीसाहेब स्वतः आल्या आहेत. बरोबर चाळीस माणसं आहेत. सगळ्यांच्या हातात कुऱ्हाडी आहेत."

प्रधान ताडकन उठला. "महाराज, ही चढाई आहे. घोडदळ बाहेर काढतो."

"कुऱ्हाडी आहेत, पण करवती आणि रंधेही आहेत," पहारेकरी चाचरत म्हणाला. "आणि लाकडाच्या ओंडक्यांचा हा एवढा ढीग. त्यांच्या जासुदाने हे पत्र दिलंय."

राजाने पत्र उघडलं. त्यात तीनच वाक्यं होती. 'आपल्या पत्राप्रमाणे नदीकाठी आले आहे. लाकूड आणि सुतार सोबत आहेत. आपण कधी येता?'

राजाने चिटणिसाकडे पाहिलं. "आपण असं काय लिहिलं होतं?"

चिटणिसाने दप्तरातून नक्कल काढून दिली. राजाने ती ओळ वाचली, पुन्हा वाचली.

"हे मी कधी म्हणालो?"

"महाराज, ही ओळ दरवर्षी जाते," चिटणीस खाली मान घालून म्हणाला.

प्रधान म्हणाला, "मग सोपं आहे. पत्राच्या शेवटी असं लिहायची रीत असते, हे त्यांना कळवू. फार तर चिटणिसाच्या हातून चूक झाली म्हणू. उद्या दुपारपर्यंत त्या मागे फिरल्या तर ठीक. नाही फिरल्या तर घोडदळ काठावर उतरेल."

राजाने थोडा विचार केला आणि म्हणाला, "चिटणीस, तुम्ही लिहिलंत, तुम्हीच जाऊन सांगा. तो नुसता रिवाजाचा मायना होता, बोलावणं नव्हतं."

चिटणीस तराफ्यावर बसला. बारा वर्षांत पहिल्यांदाच तो नदीत उतरत होता. निरोप पाठ झाला होता. एकच वाक्य बोलायचं आणि परत यायचं, असं तो स्वतःला बजावत होता.

पलीकडे त्याला वाटलं होतं तसा डेरा नव्हता, छत्रचामरं नव्हती. तिशीतली एक बाई एका ओंडक्यावर बसून सुतारांच्या मुकादमाशी खांबांच्या लांबीबद्दल बोलत होती. तिच्या शेजारी कापडात बांधलेलं पत्रांचं बाड होतं. तीच राणी होती.

तिने त्याला समोरच्या ओंडक्यावर बसायला सांगितलं आणि बाड सोडलं. "हे अक्षर तुमचं?"

"होय, राणीसाहेब."

"फार सुरेख आहे. बाबांच्या दप्तरातली सगळी पत्रं मी वाचली. पहिल्या वर्षी आशा होती, तिसऱ्या वर्षी ती दृढ झाली, सातव्या वर्षी नितांत दृढ झाली. आमच्याकडची उत्तरंही तशीच. मला कळेना, दोघांनाही एवढी आशा आहे तर अडलंय कुठे? दरबारात विचारलं तर सगळे हसले. म्हणाले, असं लिहायचं असतं."

"तरी आपण आलात?"

"लिहिणाऱ्यालाच विचारावं असं वाटलं. आणि खरं निघालं तर रिकाम्या हाताने येणं बरं दिसलं नसतं, म्हणून सुतार घेऊन आले." तिने सगळी पत्रं त्याच्यापुढे ठेवली. "चिटणीस, यातली एक तरी आशा खरी होती का?"

निरोप सांगायची हीच वेळ होती. चिटणिसाच्या ओठांवर ते वाक्य आलंही. पण सगळ्यात वरचं पत्र त्याच्या हाती आलं होतं आणि ते पहिल्या वर्षीचं होतं. एका कोपऱ्यात शाई फुटली होती. ती कशी फुटली ते त्याला आठवलं. त्याच वर्षी त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं होतं. तिला पलीकडच्या राज्यात दिली होती. पूल जळाला तेव्हा ती सासरी होती. ते पत्र लिहिताना त्याने तीन कागद फाडले होते. कोणता शब्द घातला तर दोन राजे काठावर येतील, याचा विचार करत तो सबंध दुपार बसला होता. शेवटी घाईने बोरू टेकवला तेव्हा ती शाई फुटली होती. दुसऱ्या वर्षी मात्र त्याने पहिलं पत्र समोर ठेवलं आणि उतरवून काढलं. बहिणीची खुशाली जासुदाकडून कळायची, तीही पुढे विचारायची राहून जाऊ लागली. चांगलं लिहिलं की आपलं काम झालं, असं त्याला वाटत आलं होतं.

"पहिली खरी होती," तो म्हणाला. "बाकीच्या अकरा मी पहिलीवरून उतरवल्या."

राणीने ते पत्र त्याच्या हातातून घेऊन पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "मग मी पहिल्या पत्रावरून आले असं धरा. समजा, मला ते आत्ताच मिळालं."

"राणीसाहेब, मी एक निरोप घेऊन आलो होतो. तो मी आज सांगत नाही. उद्या दुपारपर्यंत मला वेळ द्या."

तो निरोप काय असेल, हे राणीला कळलं असावं. तिने ते विचारलं नाही. "आम्ही नदीच्या मध्यापर्यंत पूल बांधू. चौकी बांधणार नाही. मध्यापासून पुढचं तुमच्या महाराजांनी ठरवावं. मग सुतारांना काम सुरू करायला सांगू?"

हो म्हणायचा त्याला काहीही अधिकार नव्हता.

"सांगा," तो म्हणाला.

तो अलीकडच्या काठाला लागला तेव्हा मागून खांबावर घण पडल्याचा पहिला आवाज आला.

राजा दरबारात वाट पाहत होता. "दिलात निरोप?"

"नाही, महाराज."

प्रधान म्हणाला, "ही आज्ञा मोडणं झालं."

"झालं," चिटणीस म्हणाला. "मी अकरा वर्षं मनात नसलेलं लिहिलं, तो दोष माझा. त्याची काय ती शिक्षा मला करा. पण महाराज, शब्द मागे घेऊ नका. गेल्या वर्षी उत्तरेच्या राजाशी आपला तह झाला. तोही मीच लिहिला आणि त्यावरही हाच शिक्का आहे. या शिक्क्याखालचं आम्ही मनापासून लिहीत नाही, असं आज आपण पलीकडे सांगितलं तर उद्या उत्तरेला कळेल. तहसुद्धा मायनाच होता, असं ते म्हणाले तर आपण त्यांना काय दाखवायचं?"

राजाने ती नक्कल पुन्हा हातात घेतली.

"राणीने काही मागितलं?"

"काही नाही. आपण कधी येता, एवढंच विचारलंय. चौकी नको म्हणाल्या. अर्धा पूल त्या बांधताहेत. काम सुरू झालंय."

"सुरू करायला कोणी सांगितलं?"

"मी सांगितलं, महाराज."

राजाने नक्कल खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "बारा वेळा मी या ओळीवर शिक्का मारला आणि एकदाही ती वाचली नाही. वाचली असती तर पत्र तरी थांबवलं असतं, नाहीतर पूल तरी बांधला असता."

"महाराज, आता गेलात तर आपण नमलो असं लोक म्हणतील," प्रधान म्हणाला.

"प्रधानजी, त्यांना आपणच बोलावलंय. पाहुणा दारात आल्यावर आपण आत बसून राहिलो, तर लोक काय म्हणतील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा नदीकाठी गेला. सैन्य घेऊन नव्हे, चिटणीस आणि गावातले सुतार घेऊन. प्रधानाने टेकडीआड तयार ठेवलेल्या घोडदळाला त्याने खाली बोलावलं, जीन उतरवायला लावलं आणि तेच घोडे ओंडके ओढायला जुंपले. घोडेस्वार आधी कुरकुरले. दोन दिवसांनी मात्र कोणाचा घोडा जास्त ओझं ओढतो यावर त्यांच्यात चढाओढ लागली. प्रधानाने चार दिवस लांबून पाहिलं. पाचव्या दिवशी तोही आला आणि खांब कुठे सरळ नाहीत ते सुतारांना सांगू लागला. त्याची नजर खरोखरच चांगली होती.

पाणी कमी होतं तोवर दोन्हीकडून काम पुढे सरकत गेलं. ज्येष्ठात मधली शेवटची फळी बसली. राजा आणि राणी त्या फळीशी भेटले. चौकीच्या जागेवर दोघांनी मिळून एक छप्पर उभारलं आणि तिथे पाणपोई ठेवली. दोन्हीकडच्या लोकांनी आळीपाळीने माठ भरायचे, असं ठरलं.

पहिल्याच दिवशी पलीकडून आलेल्या गर्दीत चिटणिसाची बहीण होती. तिच्याबरोबर तिची दोन मुलं होती. मामा दिसायला कसा असतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. बहिणीने भावाचा शाईने डागळलेला हात धरला आणि मुलांना म्हणाली, "हा बघा तुमचा मामा."

चिटणिसाला शिक्षा झाली ती अशी. राजा म्हणाला, "यापुढे कोणत्याही पत्रात आशा लिहिलीत, की ती खरी व्हावी म्हणून आपण काय करणार आहोत आणि कोणत्या दिवशी, हे तिच्याखाली लिहायचं. मला वाचून दाखवायचं. मगच शिक्का."

त्यामुळे पत्रं लहान झाली. काही लिहायला चार-चार दिवस लागू लागले, कारण आधी राजाला आणि प्रधानाला बसून ठरवावं लागे. पण आसपासच्या राज्यांत असं झालं की त्या शिक्क्याचं पत्र आलं की लोक तयारीला लागत. 'गुरांच्या साथीत औषध घेऊन वैद्य सोमवारी पोचतील,' असं पत्र गेलं की सोमवारी सकाळी वेशीवर माणसं वाट पाहत उभी असत, आणि वैद्य येत.

पुढे दक्षिणेकडच्या एका राजाचं लांबलचक पत्र आलं. उभय राज्यांचा स्नेह वाढावा, व्यापार वाढावा, येणं-जाणं वाढावं, अशा आशा त्यात ओळीने लिहिल्या होत्या. राजाने ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "चिटणीस, काय उत्तर देऊ या?"

"महाराज, पत्र चांगलं आहे," चिटणीस बोरू तासत म्हणाला. "त्यांनी कोणत्या दिवशी यायचं ठरवलंय, तेवढं विचारू या. आणि आपण त्यांच्या वाटेवर कुठपर्यंत पुढे जायचं, ते आधी ठरवू या."

राजाने होकार दिला. चिटणिसाने नवा कागद घेतला आणि सगळ्यात वर दिवस लिहिला.

लहानथोरांनी या गोष्टीतून घ्यायचं तात्पर्य असं: आशा आहे असं कोणालाही लिहिता येतं, पण आशा लिहून जो स्वतः पहिलं पाऊल टाकतो, त्याच्याच शब्दावर समोरचा विसंबतो.