गोजराबाईचं आढं

किती वर्षं झाली ते विचारू नका. मोजणारे मेले, आणि उरलेत ते थापा मारतात. पण खैरवाडीत नागू तेली होता आणि गोजरा त्याची बायको होती, याबद्दल कोणाचं दुमत नाही.

त्या काळी गावात शहरातलं डब्याचं तेल आलं. पांढरं, बिनवासाचं. लोकांना वाटलं, आपण मोठे झालो. करडई पिकवायची, व्यापाऱ्याला घालायची आणि येताना डबा आणायचा, अशी अक्कल चालली. नागूचा घाणा बंद पडला. त्या शिमग्याला पोरांनी घाण्याची लाट, म्हणजे उखळात फिरून बी भरडणारा तो जाड सोट, उचलून होळीत टाकली. होळीत गेलेलं लाकूड परत मागायचं नसतं. नागूनं मागितलं नाही. थोरल्यांनी पोरांना दटावलं नाही, उलट शेकत बसले.

मग मंदी आली. शहरातल्या पेढ्या बसल्या, कारखान्यांची धुराडी थंड झाली, आणि व्यापारी करडईकडं बघेना. पोती घरात पडून राहिली. डबा आणायला कोणाच्या हातात काही नव्हतं. बायका बिनफोडणीचं कालवण करायला लागल्या. पाटलांनी पारावर सांगितलं, "यंदा करडई पेरू नका. रान पडीक ठेवा आन बाहेर कामं हुडका."

नागू उभा राहिला. "पेरा. तेल मी काढतो."

"कशानं काढतोस? नाकानं?" पाटील म्हणाले.

सगळे हसले. ज्यांच्या पोरांनी लाट जाळली तेच जास्त हसले, असं म्हणतात.

लाटेला जुनं मुरलेलं बाभळीचं लाकूड लागतं. गावाच्या बाभळी ठेकेदारानं कधीच तोडून नेल्या होत्या. तसलं लाकूड गावात एकच उरलं होतं, आणि ते नागूच्याच डोक्यावर होतं. घराचं आढं, ज्यावर सगळं छप्पर टेकतं ते. नागू अंथरुणावर पडून त्याच्याकडं बघायचा आणि कूस बदलायचा. बायकोला विचारायची छाती होईना.

शेवटी गोजराच म्हणाली, "वर काय बघताय सारखं? पाली मोजताय?"

नागूनं कूस बदलली.

"काढा ते. पण गावाला एक सांगा. करडई आधी गावाच्या चुलीला, मग व्यापाऱ्याला. हे कबूल असंल तर काढा, नसंल तर मला माझं घर असू द्या."

गावानं पारावर हात वर करून कबूल केलं. आढं उतरलं, त्याची लाट झाली, घाणा फिरायला लागला. पडून राहिलेल्या पोत्यांचं तेल झालं. तेल घरात आलं, पेंड बैलांना मिळाली. कुंभार तेलावर मडकी द्यायला लागला, कोष्टी लुगडी द्यायला लागला. बाहेर निघालेल्यांनी बांधलेली गाठोडी सोडली. घाणा रात्रंदिवस फिरला तरी बैल दमला नाही, असं म्हणतात.

आणि नागूचं घर? त्यावर कडबा टाकला होता. गाव म्हणालं, सुगी झाली की नवं आढं घालू. हा म्हणाला तो आणील, तो म्हणाला पाटील आणतील. पाटलांना वाटलं, कोणीतरी आणलंच असेल. तेल मात्र सगळे वेळेवर नेत होते.

हस्ताचा पाऊस आला. कडबा पहिल्या झोडीतच वाहून गेला. गोजरा भिजली, तापली, आणि पाऊस उघडायच्या आत गेली.

मग गावाला आठवण झाली. कोणी कुठून, देव जाणे, सागाचं लाकूड आणलं. पाटील स्वतः खांदा देऊन आले.

नागू दारातनं हलला नाही. "आता कोणाच्या डोक्यावर घालू, पाटील?"

पाटलांनी लाकूड खांद्यावरनं खाली ठेवलं.

"पेरायची येळ झाली," नागू म्हणाला. "पेरा जावा. तिला कबूल केलंय तुम्ही."

गाव रानात गेलं. एक वावर पडीक राहिलं नाही. त्या साली करडई माणसाच्या छातीला लागली, असं म्हणतात. आणि नागू जगला तोवर त्या उघड्या घरात पावसाचा एक थेंब पडला नाही. चहूकडं झोडपायचं, मधे ते घर कोरडं. देवाला उशिरा सुचलं, एवढंच मी म्हणतो.

आता खैरवाडीत घाणा विजेवर चालतो. पण आजही व्यापाऱ्याचा टेम्पो वेशीबाहेर थांबतो. घरोघरचं वर्षाचं तेल निघाल्याशिवाय त्याला आत घेत नाहीत. आणि गावात कोणाचंही नवं घर उभं राहिलं, अगदी स्लॅबचं असलं तरी, घरची बाई वर चढते आणि गावच्या करडईच्या तेलाची धार सोडते. नाव नागूचं घेत नाहीत, गोजराबाईचं घेतात. आणि ते तेल वाळेपर्यंत त्या छपराखाली गडीमाणसानं पाय ठेवायचा नाही. बाहेर उभं राहायचं, पाऊस असला तरी.